घरी टीडीसीएस घेण्याआधी काय तपासाल?

टीडीसीएस म्हणजे बाहेरून सौम्य वीज देऊन मेंदूला उत्तेजित करण्याची पद्धत. त्यात डोक्यावरच्या दोन ओल्या स्पंजांतून साधारण 1 ते 2 मिलिअँपिअर करंट 20 मिनिटं सोडतात. एवढ्याशा करंटनं बिघडतं ते बहुतेकदा कातडीवर, म्हणून तयारीला वेळ द्या.

आधी खोक्यावरचा परवाना क्रमांक वाचा. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 नुसार आयात यंत्राला एमडी-15 परवाना लागतो. भारतात बनलेल्याला जोखमीच्या वर्गाप्रमाणे एमडी-5 किंवा एमडी-9. ‘वेलनेस’ एवढंच छापलेलं यंत्र घेऊ नका. युरोपीय संघानं 2022 मध्ये अशी बिगरवैद्यकीय मेंदू-उत्तेजक यंत्रंसुद्धा सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकली, ते उगाच नाही.

9 व्होल्टची बॅटरी आणि रेझिस्टर जोडून केलेला जुगाड तर नकोच. सर्किटचा एकूण रोध 5 किलोओम असेल तर 1.8 मिलिअँपिअर वाहतो. कातडी भिजून रोध 3 किलोओमवर आला की तोच करंट 3 होतो. चांगलं यंत्र करंट स्थिर ठेवतं, सुरू आणि बंद होताना तो सुमारे 30 सेकंदांत चढवतं-उतरवतं.

त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका. तेलातून वीज जात नाही. 35 चौरस सेंटिमीटरच्या स्पंजाला साधारण 12 मिली सलाइन पुरतं, मेडिकलमध्ये मिळणारं 0.9 टक्क्यांचं. नळाचं पाणी वापरू नका. स्पंज कोरडा राहिला तर करंट एका ठिकाणी एकवटून भाजतो. ठिबकत असेल तर केसांतून भलतीकडे पसरतो. लहान स्पंजही धोक्याचा: 2 मिलिअँपिअरला 35 चौरस सेंटिमीटरच्या स्पंजावर करंटची घनता दर चौरस सेंटिमीटरला 0.057 मिलिअँपिअर येते, 9 चौरस सेंटिमीटरच्या स्पंजावर 0.22. यंत्रानं 10 किलोओमपेक्षा जास्त रोध दाखवला तर केस बाजूला करा, स्पंज पुन्हा भिजवा.

खाज, मुंग्या, थोडी लाली चालेल. एका बिंदूवर झोंबलं की यंत्र थांबवा. पट्टा मात्र करंट चालू असताना ओढू नका, डोळ्यांपुढे चमकतं आणि गरगरतं. खरचटलेल्या, पुरळ आलेल्या जागी स्पंज लावायचा नाही.

डोक्यात धातू, कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, फिट्सचा इतिहास किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. बायपोलर असलेल्यांनीही, कारण मेनिया (मनाची बेभान, अतिउत्तेजित अवस्था) उसळू शकतो. भाजलं तर फोटो काढा, यंत्राचा बॅच क्रमांक लिहा आणि 1800-180-3024 वर कळवा. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद तिथे होते.