शर्यत बिघडली? आधी घड्याळ घरी ठेवा

मनासारखी न झालेली मॅरेथॉन डोक्यात घोळत राहते आणि पुष्कळ जण तो राग दुसऱ्याच आठवड्यात जोरदार सरावावर काढतात. तसं करू नका. ४२.१९५ किलोमीटर धावल्यावर स्नायूंची झीज भरून यायला साधारण २ ते ३ आठवडे लागतात. पाय दुखायचे थांबले म्हणजे ती भरून आली असं नाही. पहिला आठवडा फक्त चाला. मग एक दिवसाआड २०-३० मिनिटं, घड्याळाशिवाय, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने धावा. (घड्याळ काढून ठेवणं मला फार जड गेलं, पण धावण्याची गोडी परतली ती त्यामुळेच.)

दरम्यान एकदा शांतपणे बसून शर्यतीतल्या दर ५ किलोमीटरला लागलेला वेळ कागदावर लिहून काढा. सुरुवातीचे टप्पे ठरवल्यापेक्षा वेगात गेले आणि ३० किलोमीटरच्या आसपास पाय शिशासारखे झाले असतील, तर कुवत कमी पडली असं समजू नका. सुरुवातीच्या घाईमुळे ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, बहुधा लवकर संपलं. पुढच्या खेपेला सुरुवात सावकाश करा, वाटेत कर्बोदकं वेळेवर घ्या. नव्या शर्यतीची नोंदणी हा कागद भरल्यावरच. एकाच जागी टोचणारं दुखणं असेल तर मात्र धावू नका, डॉक्टरांना दाखवा.