मुलाचे की मुलांचे? अनुस्वाराच्या या चुका टाळा

‘विद्यार्थ्याच्या पालकांनी उद्या सकाळी दहाला हजर राहावे.’ शाळेच्या फलकावर अशी सूचना लागली, तर वाचणारा विचारणारच: कोणत्या विद्यार्थ्याच्या? बोलवायचे असतात सगळ्या वर्गाचे पालक, पण ‘र्थ्या’वर आधीच रफार बसलेला असतो आणि त्याच्या शेजारचं टिंब हमखास राहून जातं.

चा, ची, चे हे प्रत्यय एकाला आणि अनेकांना सारखेच लागतात. फरक सांगतो तो प्रत्ययाआधीचा अनुस्वार. साठी, वर, मध्ये, खाली यांचंही तेच. ‘मुलाचे डबे’ आणि ‘मुलांचे डबे’ हे दोन्ही शुद्ध, त्यामुळे मोबाइलमधला शुद्धलेखन तपासणारा इथे काही कामाचा नाही. अर्थ आपणच पाहायचा.

ना आणि नी यांच्याबाबत मात्र शंकेला जागाच नाही. एकवचनाला ला आणि ने, अनेकवचनाला ना आणि नी. म्हणून ‘लोकाना’, ‘मुलानी’ हे कुठेही चूकच. ‘मुलानी’ दिसलं, की ‘मुलाने’ म्हणायचंय की ‘मुलांनी’, एवढंच ठरवा.

आकड्यांनंतर तर छापील मजकुरातही घसरायला होतं. ‘पाच वर्षात’ नव्हे, ‘पाच वर्षांत’. तसंच ‘दहा दिवसांनी’, ‘दोनशे रुपयांची’. किलो, मीटर यांना ही भानगड नाही. पिशवी ‘पाच किलोची’च.

मला सगळ्यात जास्त खटकते ती आदरार्थी बहुवचनातली चूक. माणूस एकच असतो, पण मान द्यायचा म्हणून अनेकवचन वापरतो; तिथेही अनुस्वार हवाच. ‘सरांचा वर्ग’, ‘मुख्यमंत्र्यांचे भाषण’, ‘जोशींचा फोन’. शाळेतल्या ‘बाईंचा निरोप’ टिंबाशिवाय ‘बाईचा निरोप’ झाला, तर सरळ अपमानच होतो. लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावापुढे ‘यांचे चिरंजीव’ऐवजी ‘याचे चिरंजीव’ छापलं गेलं, तर पत्रिका वाटून झाल्यावर दुरुस्ती करता येत नाही. छपाईआधीचा नमुना हातात आला, की नावांइतकंच हे ‘यांचे’ही तपासा.

काहीजण उलट जास्तीची टिंबं देतात. जुन्या पुस्तकांत एका घराबद्दलही ‘घरांत’ छापलेलं दिसतं. १९६२च्या लेखननियमांनी असे अनुस्वार काढून टाकले. आता एका घरासाठी ‘घरात’, अनेकांसाठी ‘घरांत’. ‘पाण्यांत’ तर नकोच.

नामाआधीच्या विशेषणावरही टिंब नको: ‘चांगल्या मुलांना’, ‘चांगल्यां मुलांना’ नव्हे. ‘मुलांच्या वह्यांवर’ लिहिताना ‘च्या’ मोकळाच राहतो. आणि भाषणाची सुरुवात लिहून काढत असाल, तर ‘मित्रांनो’वर टिंब द्या, ‘मित्रहो’वर नको.