बटण अकॉर्डियन घेताना आणि दुरुस्तीला देताना या चुका टाळा

गायन समाज देवल क्लब या संगीतसंस्थेच्या कोल्हापुरात अकॉर्डियनकडे वळणाऱ्या पुष्कळांचा हात आधी पेटीवर बसलेला असतो आणि पहिली चूक त्या सवयीतूनच होते. एकच बटण दाबून भाता ओढल्यावर एक सूर आणि मिटल्यावर दुसराच सूर आला, की वाद्य बिघडले असे समजून ते दुरुस्तीला दिले जाते. डायटोनिक अकॉर्डियनची रचनाच तशी असते. दोन्ही सूर एक करण्यासाठी कोणी रीड (सूर देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) घासल्या, तर धडधाकट वाद्याची वाट लागेल. म्हणून जुने वाद्य घेताना प्रत्येक ओळीतील काही बटणे भाता दोन्ही दिशांनी चालवून ऐकावीत.

सूर दोन्हीकडे एकच राहिला, तर वाद्य क्रोमॅटिक आहे. मात्र तेवढ्यावर थांबू नये, कारण त्यातही बटणांच्या मांडणीच्या सी आणि बी अशा पद्धती आहेत. पेटीच्या पट्ट्यांच्या नावांनी सांगायचे तर सी पद्धतीत भात्यापासून सर्वांत दूरच्या ओळीत पांढरी एक, काळी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा हे सूर येतात. बायान या रशियन बटण अकॉर्डियनवर रूढ असलेल्या बी पद्धतीत हेच सूर तिसऱ्या ओळीत जातात आणि बाहेरच्या ओळीत पांढरी सात, दोन, चार व काळी चार येतात. दुसरी ओळ दोन्हींत सारखीच असल्याने तेवढीच वाजवून पाहणाऱ्याची फसगत ठरलेली.

पाच ओळी म्हणजे जास्त सूर, हाही गैरसमजच आहे. चौथी व पाचवी ओळ पहिल्या दोन ओळींतले सूरच पुन्हा देतात. परंतु गायकाने पट्टी काळी एकवरून पांढरी दोन केली तरी बोटांची ठेवण बदलावी लागत नाही. ऑर्केस्ट्रात साथ करणाऱ्याने, माझ्या मते, पाच ओळींचेच वाद्य घ्यावे.

डायटोनिकमध्येही, ओळींच्या पट्ट्यांवरून नाव पडलेल्या डी-जी आणि आयरिश संगीतातील बी-सी या वाद्यांचे धडे एकमेकांना चालत नाहीत, कारण बी-सीत दोन ओळींमध्ये अवघ्या अर्ध्या सुराचे अंतर असते.

क्रोमॅटिक वाद्यात एखादा सूर एकाच दिशेने बंद पडला, तर तो मात्र खरा बिघाड असतो. प्रत्येक दिशेसाठी स्वतंत्र रीड असते; तिच्यात कचरा अडकतो, गंज चढतो किंवा तिच्यावरची कातडी पट्टी वाकते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वाद्य कोरड्या जागी त्याच्या खोक्यात ठेवावे आणि दुरुस्तीला देताना त्याचा प्रकार कारागिराला लिहून द्यावा.