घरी जेल मॅनिक्युअर करताय? या चुका टाळा

“ताई, दोनच दिवसांत काहून उखडून राहिलं हे?” सीमांतपूजनाच्या संध्याकाळी माझ्या मामेबहिणीने अंगठा माझ्यासमोर धरला. नखाच्या कडेने जेलचा, म्हणजे लॅम्पच्या प्रकाशात कडक होणाऱ्या नेलपॉलिशचा, पापुद्रा सुटला होता. मी काडीने हलकेच उचलून पाहिलं, तर वरचा थर काचेसारखा कडक आणि आत मात्र शिऱ्यासारखा मऊ गोळा. लॅम्प, बेस कोट, रंग, टॉप कोट असं सगळं तिने नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून आणलं होतं आणि क्रमही बरोबर पाळला होता. फक्त वरून कडक लागलं म्हणजे जेल पक्कं झालं, असं तिने धरून चाललं. घरी बिघडलेली जी नखं मी पाहते, त्यांतली बहुतेक इथेच बिघडलेली असतात.

साध्या नेलपॉलिशमधलं द्रावण उडून जातं, म्हणून ती वाळते. जेल तसं वाळत नाही. लॅम्पच्या प्रकाशात त्यातले सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्यांचा घट्ट थर तयार होतो. याला क्युअर होणं म्हणतात. म्हणून पंख्याखाली तासभर हात धरून काही होत नाही. उलट नीट क्युअर झालेल्या थरावरही थोडा चिकटपणा राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन अगदी वरच्या पातळ थराला जोडू देत नाही. तो दोष नाही, पुढचा थर त्यालाच धरतो. मधल्या थरांवर तो पुसू नका. शेवटच्या टॉप कोटनंतर, बाटलीवर सांगितलं असेल तरच पुसा.

कच्चं राहण्याचं पहिलं कारण म्हणजे जाड थर. दोन हातांचं, म्हणजे दोन थरांचं, काम एकात उरकायला गेलं की प्रकाश तळापर्यंत पोचत नाही. काळा, गडद मरून आणि पांढराशुभ्र हे रंग तर प्रकाश फार अडवतात. पहिला हात इतका पातळ हवा की नख डागाळलेलं, अर्धवट दिसावं. ते पाहून जीव घाबरतो आणि आपण आणखी रंग ओततो. तसं करू नका, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला रंग भरतोच. लॅम्पमधून काढल्यावर रंगावर सुरकुत्या दिसल्या तर थर जाड झाला होता हे नक्की. त्यावर टॉप कोट चढवून झाकू नका, ते नख पुसून पुन्हा करा. आणि लॅम्पमध्ये नख भाजल्यासारखं वाटलं तर हात लगेच बाहेर काढा. रेणू जोडले जाताना उष्णता निघते आणि थर जितका जाड तितकी ती जास्त. चटका सोसत बसायचं कारण नाही.

दुसरं कारण लॅम्पमधला अंगठा. चार बोटांबरोबर अंगठा आत घातला की तो आडवा पडतो आणि नखाचं तोंड भिंतीकडे वळतं. बहिणीचं नेमकं तेच झालं होतं. आधी चार बोटं करा, मग दोन्ही अंगठे शेजारी शेजारी, नखं वर करून वेगळे घाला. लॅम्पवर छापलेला वॅटचा आकडा मोठा दिसला म्हणून भुलू नका. जेलला लागणाऱ्या तरंगलांबीचा प्रकाश पुरेसा मिळतो का, हे महत्त्वाचं. म्हणून जेल आणि लॅम्प शक्यतो एकाच कंपनीचे घ्या आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या लॅम्पला मोठ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आपल्या नागपुरात हवामानही आड येतं. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे गेला की जेल पातळ होऊन नखाच्या कडेला पळतं, म्हणून बाटल्या घरातल्या सगळ्यात गार कपाटात ठेवा. जानेवारीत उलट होतं. जेल घट्ट होतं आणि नकळत थर जाड बसतो. तेव्हा बाटली थोडा वेळ तळहातांमध्ये फिरवा. खिडकीशी किंवा गच्चीवर बसून तर करूच नका. लॅम्पसारखीच उन्हातही अतिनील किरणं असतात, त्यातली बरीच काचेतूनही आत येतात. उघड्या बाटलीचा ब्रश बसल्या जागी कडक होतो.

तयारीतल्या चुका लहान वाटतात, पण लिफ्टिंग, म्हणजे कडेने सुटणं, बहुतेकदा तिथूनच सुरू होतं. पार्लरच्या सवयीने अनेकजणी आधी कोमट पाण्यात हात भिजवतात. नख पाणी पितं, फुगतं, आणि सुकताना आकसलं की वरचं जेल सुटतं. जेलच्या आधी हात कोरडेच हवेत. मेंदी काढून निलगिरीचं तेल लावलं असेल, तर एक दिवस जाऊ द्या आणि साबणाने दोनदा धुवा. नख पुसायला सॅनिटायझर घेऊ नका, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा पातळ थर मागे राहतो. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. नखावर चढलेली पातळ मृत त्वचा हलक्या हाताने मागे सारा, पण नखाच्या मुळाशी असलेली जिवंत कड कापू नका. जंतूंना आत शिरू न देणारी तीच एक पट्टी आहे.

आता ज्या चुकीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, ती. कच्चं जेल त्वचेला लागू देऊ नका.

जेलमध्ये ॲक्रिलेट वर्गातली रसायनं असतात, त्यात एचईएमए (HEMA) हे नाव बाटल्यांवर बरेचदा दिसेल. पूर्ण क्युअर झालेल्या थरातून त्रास कमी होतो. पण कच्चं जेल पुन्हा पुन्हा बोटाला लागत राहिलं की शरीर त्याला शत्रू मानायला लागतं. आमच्या शेजारच्या काकूंच्या लेकीला पहिल्या दोन वेळी काहीच झालं नाही. तिसऱ्या वेळी नखांभोवती खाज आली, मग बारीक पाण्याचे फोड, मग बोटांची टोकं भेगाळली. एक बाटली वाईट निघाली असेल म्हणून तिने दुसरी घेतली आणि त्रास वाढला. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. दातांत भरायच्या काही साहित्यातही याच वर्गातली रसायनं असतात, म्हणून ती दंतवैद्यालाही सांगावी लागते. युरोपीय संघात एचईएमए असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनी वापरायची असा नियम आहे, आणि प्रकाश पडताच जेल कडक व्हायला सुरुवात करून देणाऱ्या टीपीओ (TPO) या घटकावर 1 सप्टेंबर 2025 पासून तिथे बंदी आहे. आपण मात्र ऑनलाइन मागवताना घटकांची यादी वाचतही नाही. ती वाचा.

रंग लावताना नखाच्या मुळाशी आणि दोन्ही कडांना केसाएवढी फट सोडा. जेल त्वचेवर गेलंच तर लॅम्पमध्ये हात घालण्याआधी अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने साफ करा, कारण त्वचेवर क्युअर झालेलं जेलच पुढे नखावरच्या जेलसकट उचकटतं. खाज किंवा लाली दिसली तर त्याच दिवशी जेल बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. नखाखाली हिरवट डाग दिसला तर तो रंगाने झाकू नका, तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं चालू असतील तर लॅम्प वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. एरवीही लॅम्पच्या किरणांपासून त्वचा वाचवायला बोटांची टोकं उघडी ठेवणारे हातमोजे घातले तर उत्तम.

टिकवण्याबाबत एकच सांगते. नखाच्या टोकाची कडही बेस कोट आणि टॉप कोटने बंद करा, आणि संत्र्यात अंगठ्याचं नख खुपसू नका. आपल्याकडे हंगामात दिवसाला चार-पाच संत्री सोलली जातात आणि त्याच जागेवरून जेल उचलायला लागतं. सालीला सुरीने चीर द्या.

काढताना ओरबाडणं ही शेवटची चूक, आणि नखांचं सर्वांत जास्त नुकसान तीच करते. जेलबरोबर नखाचे वरचे पापुद्रे निघतात आणि नख कागदासारखं लवतं. आधी फाइलने वरची चमक घालवा, मग अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून फॉइल घट्ट गुंडाळा. उन्हाळ्यात अ‍ॅसिटोन भराभर उडतं, म्हणून कूलरच्या झोतात बसू नका. दहा-पंधरा मिनिटांनी थर फुगून सुटेल, तो काडीने ढकला. अडला तर पुन्हा गुंडाळा. अ‍ॅसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासून दूर, खिडकी उघडून करा. नंतर नखांना आणि कडांना रोज रात्री खोबरेल तेल चोळा. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पातळ झालेलं नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात. तोवर त्या नखावर जेल नको.