वर्गात क्ले ॲनिमेशन करायचंय? गोष्टीआधी गोळा

क्ले ॲनिमेशन, म्हणजे मातीची पात्रं जराजरा हलवत एकेक फोटो काढून आणि ते सलग दाखवून होणारा सिनेमा, करायचा असं वर्गात जाहीर केलं की पुढच्या पाच मिनिटांत काय होतं, हे मला आता पाठ झालं आहे. एका गटाला डायनोसॉरची लढाई हवी असते, दुसऱ्याला अंतराळयान, आणि तिसऱ्या गटातल्या कुणीतरी पंधरा पात्रांची नावं वहीत लिहूनही टाकलेली असतात. त्यांना नाही म्हणू नका, पण त्या दिवशी यातलं काहीच सुरूही करू नका. पहिल्या तासाला प्रत्येक गटाला मातीचा एक गोळा द्या आणि सांगा, हा कागदाच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचा. हात न दिसता.

या एका गोळ्यात जवळजवळ सगळं शिकवून होतं. शाळेतल्या कामाला सेकंदाला १२ फोटो पुरतात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, म्हणजे २४ चित्रांचा, असला तरी ॲनिमेशनवाले बऱ्याचदा एकच स्थिती दोन चौकटी टिकवतात, म्हणजे हिशेब १२ वरच येतो. आता गोळा दर फोटोला एक सेंटिमीटर सरकवला, तर ए-फोर कागदाची लांब बाजू पार करायला साधारण ३० फोटो लागतात आणि पडद्यावर ती अडीच सेकंदांत संपते. हे गणित फळ्यावर मुलांकडूनच करून घ्या. दोन मिनिटांच्या सिनेमाला १,४४० फोटो लागतील हे त्यांनीच काढलं की पंधरा पात्रांची यादी आपोआप आखडते. आपल्याला काही बोलावं लागत नाही.

मग तोच गोळा पुन्हा न्यायला सांगा, पण या वेळी सुरुवातीला अगदी थोडा, मध्ये जास्त आणि थांबताना पुन्हा थोडा थोडा सरकवत. दोन्ही तुकडे एकापाठोपाठ दाखवा. पहिल्यातला गोळा कुणीतरी ओढल्यासारखा वाटतो, दुसऱ्यातला स्वतःहून निघालेला वाटतो. वर्गात ‘अरे!’ असा आवाज येतो तो इथे. तिसऱ्या फेरीत गोळा निघण्याआधी जरा दबू द्या, धावताना लांबट होऊ द्या, थांबल्यावर पुन्हा गोल. डोळे नाहीत, तोंड नाही, तरी मुलं त्याला नाव ठेवून मोकळी होतात. मग गोष्ट सुचवायची गरज उरत नाही.

मातीबद्दल. पाण्यात मळलेली कुंभाराची माती या कामाला चालत नाही. दिव्याखाली ती सुकते आणि फोटोगणिक भेगा वाढत जातात. लहान मुलांच्या खेळण्यातली पिठाची मातीही लवकर कोरडी पडते. तेल आणि मेणाची, न वाळणारी माती घ्या. विल्यम हार्बट या इंग्लंडमधल्या कलाशिक्षकाने १८९७ च्या सुमारास प्लॅस्टिसिन तयार केलं, तेही आपल्या विद्यार्थ्यांना न वाळणारी माती मिळावी म्हणूनच. म्हणजे ही माती मुळात वर्गातलीच. तिचा एक दुर्गुण असा की हाताच्या उबेने ती मऊ होत जाते. तास संपत आला की पुतळे वाकायला लागतात ते त्यामुळेच. पर्यायी पात्र तयार ठेवणं किंवा चालू पात्राला काही मिनिटं थंड जागी ठेवणं, एवढाच उपाय आहे. पांढरी आणि पिवळी माती आधी हाताळायची, लाल-काळी शेवटी, आणि मध्ये ओल्या फडक्याने हात पुसायचे. हा नियम सोडला तर दुसऱ्या दिवशी पांढरी माती शिल्लकच राहत नाही. बोटांचे ठसे मात्र पुसत बसू नका. फोटोगणिक ते बदलतात आणि पृष्ठभाग सतत सळसळल्यासारखा दिसतो. मला तर मातीच्या सिनेमाची सगळी मजा त्यातच वाटते.

पात्र पेरूच्या आकाराचं असावं: खाली जड, वर निमुळतं, मानेशिवाय. काठीसारखे पाय असलेला माणूस दोन पावलांत आडवा होतो. मुलांना चालणारा माणूस हवाच असतो, पण चालणं हा या कलेतला सर्वांत अवघड प्रकार, कारण एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. तेव्हा पहिल्या वर्षी सरपटणारे, घसरणारे, टुणटुण उड्या मारणारे जीव घ्या. गोगलगाय हे पात्र वर्गासाठीच जन्माला आलं असावं. हात हवेच असतील तर आत ॲल्युमिनियमची मऊ तार दुहेरी पिळून घाला. नुसत्या मातीचे बारीक हात खाली लोंबतात. मोठ्या धडाच्या आत चुरगळलेला फॉइलचा गोळा भरला की वजनही कमी होतं आणि मातीही वाचते. डोळ्यांना भोकाचे पांढरे मणी लावा. भोक हीच डोळ्यातली बाहुली, आणि त्यात टाचणी घालून डोळा फिरवता येतो, चेहऱ्याला बोट न लावता.

आता कॅमेरा. फोन चालतो, टॅबही चालतो. स्टॉप मोशन स्टुडिओसारखं कुठलंही ॲप घ्या, ज्यात मागची चौकट पुसट दिसते; पात्र किती हललं ते मुलांना त्यामुळेच कळतं. पण ॲप कुठलं यापेक्षा तीन गोष्टी कुलूपबंद आहेत का ते बघा: फोकस, उजेडाचं प्रमाण आणि रंगछटा. त्या आपोआपवर राहिल्या तर प्रत्येक फोटोत कॅमेरा नव्याने विचार करतो आणि सिनेमा लुकलुकतो. फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर नेमक्या वेळी कुणाचा तरी कॉल येतो. बटण थेट पडद्यावर दाबलं की फोन हलतो. बऱ्याच फोनमध्ये वायरच्या इअरफोनवरचं आवाजाचं बटण शटर म्हणून चालतं, ते वापरा. ट्रायपॉडचे पाय चिकटपट्टीने टेबलाला बांधा, सेटचा पुठ्ठाही बांधा. जे हलायला हवं ते सोडून सगळं बांधा.

खिडकीचा उजेड हा शत्रू आहे. ढग सरकतात, ऊन सरकतं, आणि पाऊण तासात काढलेलं दृश्य पडद्यावर वीजपुरवठा खालीवर झाल्यासारखं दिसतं. पडदे लावा, दोन टेबललॅम्प तिरके ठेवा, एक जवळ आणि एक लांब. एलईडीचे असतील तर माती तापत नाही. आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: पांढरा शर्ट. टेबलाजवळ वाकलेल्या मुलाच्या शर्टावरून उजेड परावर्तित होतो आणि तो मागे झाला की दृश्य अंधारतं. म्हणून फोटोआधी सगळ्यांनी एक पाऊल मागे. आमच्याकडे बटणवाला ‘हात!’ म्हणून ओरडतो आणि सगळे मागे सरतात. चार गट एकदम ओरडायला लागले की शेजारच्या वर्गातून विचारणा होते, तेवढी तयारी ठेवा.

गटात चौघं पुरे. एक माती हलवणार, एक बटण दाबणार, एक स्टोरीबोर्ड (दृश्यं क्रमाने काढलेला कागद) घेऊन फोटो मोजणार, एक पुढची वस्तू घडवणार. दर १२ फोटोंनी, म्हणजे पडद्यावरच्या दर सेकंदाला, जागा बदला. हात बदलल्याने हालचालीची ढब थोडी बदलते, बदलू दे. नाहीतर सगळ्यात धीट मूल शेवटपर्यंत माती सोडत नाही आणि उरलेले तिघं कंटाळून एकमेकांना कोपरखळ्या मारतात. टेबल हलतं ते तेव्हा.

आणि टेबल हलतंच. अशा वेळी मागचं सगळं पुसू नका. कॅमेरा उचला, जवळ आणा, कोन बदला आणि तिथून नवं दृश्य सुरू करा. बघणाऱ्याला झटका कळतही नाही. याच कारणासाठी स्टोरीबोर्ड तासाच्या हिशेबानेच करायचा. सेट रात्रभर जसाच्या तसा राहील अशी जागा शाळेत क्वचितच असते, त्यामुळे एक दृश्य एका तासात संपलं पाहिजे. मांडणी आणि आवराआवर वजा जाता नव्या गटाकडून साठेक फोटो निघाले तरी छान, म्हणजे पाच सेकंद. ही पाच सेकंदं कोणती, हे कागदावर आधी ठरलेलं असावं.

‘हे कुठल्या विषयात बसतं?’ असा प्रश्न शिक्षकांच्या खोलीतून हमखास येतो. उत्तर देताना ‘सर्जनशीलता’ वगैरे मोठे शब्द नकोत, विषयच दाखवा. मातीची ताकद आकार बदलण्यात आहे, म्हणून जिथे मुळातच आकार बदलतो असे धडे निवडा: पेशीविभाजन, बी रुजणं, दाबाखाली खडकांचे थर वळून डोंगर होणं. पेशीविभाजन करताना गुणसूत्रं आधी दुप्पट होतात की आधी मध्यावर रांगेत येतात यावर गटात खडाजंगी होते, आणि ती सोडवायला मुलं पुस्तक उघडतात. याउलट सूर्यमाला मातीत करण्यात फारसा अर्थ नाही. ग्रह गोल फिरतात, आकार बदलत नाहीत. ते कागदाच्या चकत्यांनीही होतं.

संवाद टाळा. ओठांची हालचाल जमवायची तर आवाज आधी मुद्रित करून एकेक अक्षर चौकटींत मोजावं लागतं, आणि त्यात मुलांचा उत्साह आटतो. निवेदन वरून द्या, बाकी काम डोळे आणि भुवया करतील. पापणी लवायला तीन-चार चौकटी पुरतात. आणि मुलांना थांबायला शिकवा. त्यांच्या सिनेमात सगळं सतत धावत असतं. गोगलगायीने भिंत पाहिली तर तिला सेकंदभर बघू द्या, म्हणजे १२ फोटो, मध्ये एकदा पापणी. प्रेक्षक हसतो तो नेमका या सेकंदात. सिनेमाला लागणारे बाकीचे आवाज मात्र मनसोक्त करू द्या. ओलं फडकं पिळलं की गोगलगाय चालते.

शेवटच्या तासाची दहा मिनिटं माती वेगळी करायला राखून ठेवा. स्वच्छ रंग झाकणाच्या डब्यात वेगवेगळे, आणि मिसळून तपकिरी झालेलं सगळं एका मोठ्या डब्यात. ते फेकू नका. जमीन, खडक, झाडाची खोडं यांना तोच रंग लागतो, आणि पुढच्या तुकडीच्या पात्रांच्या पोटातही तोच भरता येतो.