प्रोब गर्भाशयाच्या मागेही न्या

सोनोग्राफी शिकताना माझी पहिली काही वर्षं गर्भाशय आणि ओव्हरी मोजण्यात गेली. दोन्ही नॉर्मल दिसलं की रिपोर्ट पूर्ण. असाच रिपोर्ट घेऊन गेलेली एक बाई वर्षभराने परत आली. पाळीत शौचाला बसलं की आत सुरी फिरते, म्हणाली. या वेळी मागे पाहिलं, तर मलाशयाच्या भिंतीत एंडोमेट्रिऑसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, दोन सेंटिमीटरची गाठ होती. पहिल्या वेळी मी तिथवर प्रोब नेलाच नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून नवीन डॉक्टरांना सांगते, प्रोब हातात घेण्याआधी विचारा: संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं का? पाळीत शौच किंवा लघवी करताना? उत्तरावरून कुठे जास्त वेळ द्यायचा ते ठरतं. योनीमार्गातून तपासणी का करायची हे समजावून परवानगी घ्या आणि दुखलं तर लगेच थांबेन, असं आधीच सांगा.

तपासणीच्या क्रमासाठी 2016 मध्ये आलेलं आयडिया या खोलवरच्या एंडोमेट्रिऑसिसवरच्या तज्ज्ञगटाचं मत अजूनही उत्तम आधार आहे. आधी गर्भाशय आणि ओव्हरी: अ‍ॅडेनोमायोसिसच्या (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरण्याच्या) खुणा, आत दुधी काचेसारखी एकसारखी छटा असलेली चॉकलेट सिस्ट (ओव्हरीतली जुन्या रक्ताची गाठ). दोन्ही ओव्हरी गर्भाशयामागे एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, तर खोलवरच्या आजाराचा संशय धराच. मग प्रोबने हलकं दाबत नेमकं कुठे दुखतं आणि ओव्हरी सरकते का, ते बघा.

तिसरी पायरी स्लायडिंग साइनची, म्हणजे गर्भाशय आणि आतडं एकमेकांवरून सरकतात का ते बघण्याची. माझ्या मते सगळ्यात आधी हीच हातात बसवावी. प्रोबने गर्भाशयमुखावर हळुवार दाब द्या. मलाशयाची पुढची भिंत त्याच्या मागून सहज घसरायला हवी. मग दुसरा हात पोटावर ठेवून गर्भाशय हलवा आणि वरच्या भागामागेही आतडं सरकतं का पाहा. सरकलं नाही, तर मागची जागा चिकटून बंद झालेली असण्याची शक्यता मोठी. स्थिर फोटोत हे कळत नाही, म्हणून क्लिप साठवा. निरोगी बायकांमध्येही करून बघत जा. मोकळी हालचाल डोळ्यांत बसली की अडलेली लगेच खटकते.

शेवटी गाठींचा शोध. आतड्याच्या स्नायूचे दोन काळसर पातळ थर आणि मधली बारीक पांढरी रेघ ओळखायला शिका. गाठ असेल तिथे हा थर जाड, काळा होतो आणि टोकाला धूमकेतूच्या शेपटीसारखा निमुळता होतो. तिन्ही दिशांनी मोजा, गुदद्वारापासूनचं अंतर लिहा. सर्जनला ते लागतंच. युटेरोसॅक्रल लिगामेंट (गर्भाशयाला मागून धरून ठेवणारे बंध) आणि योनीची मागची भिंतही बघा. मूत्राशयात थोडी लघवी असू द्या, म्हणजे त्याची भिंत नीट दिसते. खोल आजार सापडला की पोटावरून किडन्या पाहाच. मूत्रवाहिनी दाबली जाऊन किडनी सुजते, तरी बाईला काहीही जाणवत नाही, असं होतं.

वरवरचे पातळ ठिपके मात्र सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. त्यामुळे ‘एंडोमेट्रिऑसिस नाही’ असं मी लिहीत नाही. ‘खोलवरचा आजार दिसला नाही, वरवरचा असू शकतो’ असं लिहिते आणि तेच तिला समोर बसवून सांगते. ऑपरेशन झालं, तर सर्जनला फोन करून काय सापडलं ते विचारते आणि माझ्या क्लिप पुन्हा उघडून बघते.