एसीएल फाटलंय, पण ऑपरेशन लगेच नाही? मग या चुका टाळा

एसीएल म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडून त्याला स्थिर ठेवणारं लिगामेंट. एमआरआयच्या रिपोर्टात 'कम्प्लीट टिअर', म्हणजे ते पूर्ण फाटल्याचं, दिसलं की ऑपरेशनची तारीख घ्यायची घाई होते. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात आधी व्यायामाच्या वाटेने गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना पाच वर्षांनंतरही ऑपरेशन लागलं नव्हतं. मात्र ते नुसते आराम करत बसले नव्हते. फिजिओच्या देखरेखीखाली त्यांनी पद्धतशीर व्यायाम केला होता. आपल्याकडून गडबड होते ती इथेच.

पहिली चूक अगदी निरागस दिसते. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं. बरं वाटतं, म्हणून रोज. पण गुडघा अर्धवट वाकलेलाच राहतो आणि पुढे पूर्ण सरळ होईनासा होतो. वाकणं बहुतेकांचं हळूहळू परत येतं, सरळ होणंच अडून बसतं. उशी काढा, टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघा मोकळा खाली जाऊ द्या. तपासायचं असेल तर पालथं झोपून दोन्ही पावलं पलंगाच्या कडेबाहेर सोडा. दुखऱ्या पायाची टाच वर राहिली, तर काम बाकी आहे. गुडघा अचानक अडकून सरळच होत नसेल तर मात्र जोर लावू नका. फाटलेली गादी, म्हणजे मेनिस्कस, मध्ये अडकलेली असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवा.

दुसरी चूक सुजेकडे काणाडोळा करण्याची. सांध्यात पाणी असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळलाच जात नाही, मग तुम्ही कितीही वजन उचला. वाटीच्या आतल्या बाजूने तळवा वर फिरवा, मग बाहेरच्या बाजूने खाली. आतली खळगी पुन्हा फुगली, तर पाणी आहे. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे बघायची सवय ठेवा. सूज वाढली असेल तर कालचा व्यायाम जास्त झाला.

'आता दुखत नाही' म्हणून मैदानात उतरणं ही माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक. दुखणं काही आठवड्यांत ओसरतं, स्थिरता नाही. सरळ धावताना काहीच जाणवत नाही. धावता धावता पाय रोवून वळलात की गुडघा दगा देतो. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उडीचं अंतर चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आहे का, हे फिजिओकडून मोजून घ्या. पट्टा बांधून ही कसर भरत नाही.

आणि गुडघा वरचेवर सटकत असेल, तर 'अजून थोडे दिवस बघू' नको. प्रत्येक झटक्यात गादी फाटण्याचा धोका असतो. अशा वेळी ऑपरेशनचा विषय पुन्हा काढा. आधी कमावलेली ताकद त्यानंतरही कामाला येतेच.